खुंटीवरचा फोन

तुमच्या दारात एक अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, "टीव्हीचा, फोनचा, नेटचा खर्च मी कमी करून देतो," तर तुम्ही त्याला घरात घ्याल? मी तरी घेणार नाही. आधी विचारीन, बाबा रे, यात तुझं काय? आणि दारात येणारा तो माणूस मीच आहे. गेली कितीतरी वर्षं गडचिरोली जिल्ह्यात, कधीकधी पार जिवतीच्या डोंगरापर्यंत, मी हेच करत हिंडतो. लोकांनी संशय घेतला तर मला राग येत नाही. भीती वाटते. ती अजून गेलेली नाही.

मी सांगली जिल्ह्याच्या टोकाचा, जत तालुक्यातला. आठवीत शाळा सुटली. डिशच्या छत्र्या बसवणाऱ्या टोळीबरोबर फिरत फिरत गडचिरोलीला आलो. टोळीचं काम संपलं, ती परत गेली. मला गावाकडं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून राहिलो. इथं मला सगळे 'डिशवाले भाऊ' म्हणतात.

धंदा थोडा समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. रिचार्ज मारणाऱ्या दुकानदाराला कमिशन मिळतं. तुम्ही जेवढा मोठा पॅक घ्याल तेवढं त्याचं भलं. म्हणून तुम्ही नुसतं "महिन्याचा मार" म्हणालात की तो मोठाच मारतो. तो महिनासुद्धा अठ्ठावीस दिवसांचा. मीही आधी तेच करायचो. पण रोवणीचे, म्हणजे भात लावायचे दिवस आले की जंगलाकडची माणसं सकाळी जी शेतात जायची ती अंधार पडल्यावरच घरी यायची. टीव्ही कोण बघणार? रिचार्ज बंद. बंद पडलेल्या छत्र्यांत मी मोहफुलं वाळताना पाहिलीत, एका घरी तर कोंबडी अंड्यावर बसली होती. बंद डिशचं कमिशन शून्य. तेव्हा मी ठरवलं, रिचार्जच्या मागं लागायचं नाही. घराची एकदाच मजुरी घ्यायची आणि घरातलं सगळं तपासून द्यायचं. कुठं छत्री थोडी वळवून महिन्याचे पैसे न लागणारा मोफतचा डबा जोडायचा. जिथं टॉवरच पकडत नाही तिथला रोजचा दोन जीबी काढून टाकायचा. चार फोन असतील तर नेट एकावर, बाकीच्यांवर फक्त फोन येण्याजाण्यापुरता पॅक. कुणाला न विचारता चालू झालेली गाण्याची ट्यून बंद. एवढंच.

यात मला पुण्य वगैरे मिळवायचं नव्हतं. पण लोकांना ते पुण्य वाटायचं, आणि फुकटच्या पुण्याला माणूस जास्तच घाबरतो.

पहिलं गिऱ्हाईक गडचिरोलीतल्या मेश्राम सिस्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. घरात नेटची तार आली होती, त्या तारेवर टीव्हीही दिसत होता, तरी गच्चीवरची डिश चालू आणि तिघांच्या फोनवर मोठे पॅक. मी म्हणालो, "सिस्टर, डिश बंद करा. फोनचे पॅक लहान करा. घरात तर तारेचं नेट आहेच."

सिस्टरनी चष्मा काढून मला बघितलं. "तुझं शिक्षण किती?"

"आठवी."

"बस खाली."

मला चहा दिला, आणि माझ्यासमोर कंपनीच्या माणसाला फोन लावून, मी बोललेलं एकेक वाक्य त्याच्याकडून खरं करून घेतलं. मध्येच माझ्याकडं बोट करून त्याला म्हणाल्या, "इथी एक पोरगा बसून आहे, तो असं म्हणते. खोटं असंल तर सांगा, मी त्याले सोडत नाई." तासभर मी चोरासारखा बसून होतो. शेवटी फोन ठेवून म्हणाल्या, "बराबर सांगतलं तू. आता यात तुले काय भेटलं ते सांग." मी सांगितलं. त्यांना पटायला पुढचे दोन महिने लागले. पण पटल्यावर मागची खोली त्यांनीच मला दिली, धानोऱ्याला दुकान टाकायला शब्दही त्यांनीच टाकला, आणि हा लेख लिहितो आहे तोही त्यांच्याच धाकानं. त्या नसत्या तर मी कधीच परत गेलो असतो.

आता खरी गोष्ट. धानोरा तालुक्यातलं गाव, नाव लिहीत नाही. जंगलातलं, गोंड घरांचं. गावाची बसायची जागा म्हणजे गोटुल, आणि कुठलीही गोष्ट ठरवायची तर सगळ्या गावानं तिथं बसून ठरवायची. हात वर करून मोजणी नाही. सगळ्यांचं जमलं तर झालं. एकजण जरी गप्प राहिला तरी ठरलं नाही, असा तिथला कायदा.

धान घरात आल्यावरचे दिवस होते. मी चार दिवस त्या गावात घरोघरी गेलो. काम करायचं तर मला विचारावंच लागतं, घरात फोन किती, कोणता नंबर कुणाचा, कोणावर जास्त फोन येतात, कोणता पडून आहे. जतला हे प्रश्न म्हणजे काहीच नव्हेत. पण या भागात अशी चौकशी कोण करतं, ते मला सांगायची गरज नाही. ह्या बाजूचे करतात, नाहीतर त्या बाजूचे. दोन्हींतला एक समजला गेलेला माणूस पुढं कसा राहतो, हे मी ऐकून होतो. म्हणून मी प्रत्येक घरात आधी मोठ्यानं हसायचो, बायका-पोरांसमोरच विचारायचो, आणि स्क्रूड्रायव्हरनं काम करत करत बोलायचो.

चढावरचं शेवटचं घर रैजीबाईचं. साठीच्या पुढची बाई, मुलगा आणि सून. अख्ख्या गावात टॉवर नीट पकडतो ते त्या एका घरी. स्वयंपाकघरात खुंटीला प्लास्टिकच्या पिशवीत बटनांचा जुना फोन लटकत होता. पूर्ण चार्ज. मी विचारलं, "बाई, हा कुणाचा?"

"आहे."

"यावर फोन येतात?"

"नाई येत."

"मग कशाला रिचार्ज मारता? बंद करून टाका. तुमच्याकडं बाकीचे दोन आहेतच."

रैजीबाईनं पिशवी खुंटीवरून काढली आणि पदराआड धरली. "काऊन? याचं काऊन विचारून राह्यला तू?"

खरं सांगायचं तर मलाही शंका आली. ज्याच्यावर कुणी फोन करत नाही, ज्याच्यावरून कुणी बोलत नाही, तरी जो रोज चार्ज होतो, महिन्याला रिचार्ज होतो, असा फोन या जंगलात कुणासाठी असेल? मी पुढचं विचारलं नाही. छत्री वळवून दिली आणि गाडीला किक मारली.

महिनाभरानं पुन्हा गेलो तर गाव बंद. म्हणजे माणसं होती, अंगणात कोंबड्या होत्या, पण माझ्याकडं कुणी बघेना. ज्या घरी मागच्या वेळी जेवलो होतो तिथली बाई आत निघून गेली. पाणीसुद्धा कुणी दिलं नाही. गावचे दलसू पाटील रस्त्यात आले. पन्नाशीचा शांत माणूस, त्यांचा कधी आवाज चढलेला ऐकला नव्हता.

"भाऊ, तुले सभेत बसा लागते. आता."

"कशाबद्दल, पाटील?"

"बसल्यावर समजते."

गोटुलात सगळं गाव गोल बसलं होतं. मला मध्ये बसवलं. मी मनात सगळी तयारी केली. पोलिसांशी माझा संबंध नाही, आत जंगलात बंदुका घेऊन राहणाऱ्यांशी नाही, मेश्राम सिस्टरना फोन लावा, माझं आधार कार्ड बघा. एवढ्यात पाटलांनी विचारलं, "तुले मिरचीवाल्या ठेकेदारानं पाठवलं का?"

मला काही कळेना. "कोणता ठेकेदार?"

"नाटक नोको करू," मागून कुणीतरी म्हणालं.

मग गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मला सांगितलं. त्या बोलायला मोकळ्या. दरवर्षी धान झाल्यावर गावातले वीस-पंचवीस लोक तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिकडं फोन पाण्यात पडतात, चोरीला जातात, ठेकेदार काढूनही घेतो. म्हणून गावानं एक नंबर ठरवला. जाणाऱ्या प्रत्येकाला, अगदी लहान पोरींनाही, तो तोंडपाठ. अडचण आली की कुणाच्याही फोनवरून तो लावायचा. तोच तो खुंटीवरचा फोन. गावानं बारी, म्हणजे पाळी लावून रिचार्ज मारायचा, रैजीबाईनं जवळ ठेवायचा, आणि गावातल्या कुणीही त्या नंबरला उगाच फोन लावायचा नाही. तो मोकळाच राहायला पाहिजे. आदल्या साली एका ठेकेदारानं माणसं अडवून धरली होती. त्या नंबरवर फोन आला, गाव जाऊन माणसं घेऊन आलं, ठेकेदाराची सगळीकडं नाचक्की झाली.

"अन् तू येऊन म्हणते, हा फोन बंद कर," पाटील म्हणाले. "कोणाच्या फायद्याचं होय ते?"

मी ज्याला घाबरत होतो ते त्यांच्या मनातही नव्हतं. आणि ज्याबद्दल माझ्या मनातही काही नव्हतं, त्याचा मी आरोपी होतो. मी हात जोडले. म्हणालो, मला माहीत नव्हतं. न वाजणारा फोन म्हणजे वाया चाललेला खर्च, एवढंच मला शिकवलंय.

"मंग एका एकाच्या घरी जाऊन काऊन विचारतं?" आशाताई म्हणाल्या. "इथी बसून सगळ्यायसमोर विचाराचं होतं. घरात घुसून एकट्या बाईले विचारते, त्याचंच भेव वाटते ना."

मला तर वाटत होतं, घरात जाऊन आपुलकीनं विचारलं की लोकांना बरं वाटतं.

बराच वेळ बोलणं झालं. मध्ये गोंडीत झालं, ते मला समजलं नाही. शेवटी पाटील म्हणाले, "हा ठेकेदाराचा मानूस नाई, असं गावाले वाटते. रैजीबाई?"

रैजीबाई मान खाली घालून बसली होती. बोलली नाही. तिचा मुलगा आणि सून त्याच वेळी मिरचीला गेलेले होते. पाटील माझ्याकडं वळले. "बाई बोलत नाई, तर झालं नाई."

झालं नाही, म्हणजे हे गाव मला बंद. आणि त्या भागात एक गाव बंद झालं की बाजूची गावं कारण विचारत नाहीत, तीही बंद होतात. माझं दुकान, खोली, सगळं त्यावर. घाबरलेला माणूस जास्तच शहाणपण करायला जातो. मी म्हणालो, "रैजीबाई, तुमच्या फोनला मी हात लावलेला नाही. तो आहे तसा चालू आहे. चला तुमच्या अंगणात, मी सगळ्यांसमोर लावून दाखवतो."

सगळी सभा उठून चढावर गेली. रैजीबाईनं पिशवीतून फोन काढून हातात धरला. मी माझा फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि गावानं सांगितलेला नंबर लावला. तिच्या हातातला फोन वाजला नाही. माझ्या फोनमधून रेकॉर्डवरची बाई हिंदीत सांगू लागली की या नंबरावर येणारे फोन बंद आहेत.



"पाहा," एक म्हातारा म्हणाला. "यानंच केलं. बंद कर म्हणे, अन् बंदच करून गेला."

मी फोन बघू द्या म्हणालो तर रैजीबाईनं दोन पावलं मागं घेतली. मग आशाताईंनी तो तिच्या हातातून हलकेच घेतला, मेसेज उघडले आणि मोठ्यानं वाचले. मुदत संपल्याचे दोन-तीन मेसेज होते. त्यांच्या आधी एक रिचार्ज होता, पण तो फक्त नेटचा. त्यानं नेट मिळतं, फोन येण्याजाण्याची मुदत वाढत नाही. आणि या बटनांच्या फोनमध्ये नेट चालतच नाही.

"बारी कोणाची होती?" आशाताईंनी विचारलं.

मग दलसू पाटलांनी डोक्यावरचा गमछा काढून खांद्यावर टाकला. "माही होती. मीच टाकला. हा भाऊ सांगून गेला होता ना, महागाचा नोका टाकू, लागते तितकाच टाका. मी दुकानात जाऊन म्हनलं, सगळ्यात कमीवाला टाक."

आणि बाजारच्या त्या दुकानदारानं टाकला. माझंच शहाणपण गावभर फिरून, दुकानात जाऊन, या खुंटीवर आलं होतं. फोन रोज चार्ज होत होता. वाजत नव्हता म्हणून सगळे समजत होते की तिकडं सगळं ठीक आहे. आणि त्याला फोन लावून बघायची तर गावातच मनाई.

मी तिथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर, एकेक बटन मोठ्यानं बोलत, खरा रिचार्ज मारला. थोड्या वेळानं त्या जुन्या फोनला कापरं भरलं. मेसेजवर मेसेज. एकाच नंबरावरून पुन्हा पुन्हा कुणीतरी फोन लावला होता. रैजीबाई अंगणातच खाली बसली.

पाटलांनी तो नंबर लावला. त्यांनी स्वतः खूप वर्षं मिरची तोडलेली, तोडकंमोडकं तेलुगू येतं. पलीकडं एक शेतकरी होता. पाटील ऐकत होते आणि एकेक वाक्य मराठीत सांगत होते. तोडणी संपली. ठेकेदार माणसांना सोडून गाडी घेऊन गेला. माणसं शेतकऱ्याच्या गोठ्यात आहेत. तो त्यांना खायला देतोय. एक बाई रोज त्याच्या फोनवरून फोन लावते आणि म्हणते, आमचं गाव उचलत नाही.

"ती आमची सून," रैजीबाई म्हणाली. त्या दिवशी माझ्यासमोर ती तेवढंच बोलली.

त्याच दुपारी गावातली पिकअप गाडी निघाली. मला कुणी जा म्हणालं नाही, थांब म्हणालं नाही. गेलो तर पळाला म्हणतील, या भीतीनं मी गोटुलाबाहेर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशीही धानोऱ्याहून येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी माणसं परत आली. उन्हानं काळी पडलेली, मिरचीनं हातांची सालं गेलेली, पण सगळी. रैजीबाईची सून गाडीतून उतरली आणि सासूला म्हणाली, "काऊन उचललं नाई व?" रैजीबाईनं तिचे हात हातात घेतले.

सभा पुन्हा बसली. मी गावात काम करू शकतो असं ठरलं, पण अटीवर. कुणाच्याही घरात एकट्यानं शिरायचं नाही. जे विचारायचं ते गोटुलात, सगळ्यांसमोर. मी होय म्हणालो, आणि तिथं जे झालं ते मी दुसरीकडं कुठंही बघितलं नाही. प्रत्येक घराचा पॅक सगळ्या गावासमोर वाचला गेला. दलसू पाटलांच्या डिशवर भोजपुरी गाण्यांचं चॅनल सापडलं तेव्हा त्यांच्या घरचीच बाई म्हणाली, "म्हणून मी झोपल्यावर टीव्ही चालू राह्यते का?" पाटील लाल झाले. गाव हसून हसून आडवं झालं. एकाच दुपारी गावाचा जितका फालतू खर्च निघाला तितका मी घरोघरी फिरून वर्षभरात काढला नसता. खुंटीवरच्या फोनची बारी गावाचीच राहिली. फक्त पुनवेला एकदा तो लावून बघायचा, असा नवा नियम झाला. त्याचा रिचार्ज मारायची परवानगी मला आजही नाही, आणि ते बरोबरच आहे.

निघताना रैजीबाई गाडीपाशी आली. "तुह्या घरी कोन आहे?"

"आई. लांब, सांगलीकडं."

"हा नंबर पाठ कर. लिहू नोको. तिले पाठ कराले सांग."

माझ्याकडून तिनं तो तीनदा म्हणून घेतला. मी जंगलातून गाडीवर तो पुटपुटत आलो. आनंद झाला होता, पण मन काही सुधारत नाही. वाटेत विचार आला, हा विश्वास आहे, की माझ्यावर नजर ठेवायची सोय? आईला सांगितला तर ती वेगळीच. "कोण ही रैजीबाई? लग्न-बिग्न केलंस काय तिकडं?" मी म्हणालो, साठीच्या पुढची आहे. तरी तिचं समाधान झालं नाही, पण नंबर पाठ केला.

मागच्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला, गाडी घसरली आणि माझा फोन पाण्यात गेला. मी धानोऱ्याला दुकानातच ताप घेऊन पडलो होतो. पाणी उतरल्यावर दलसू पाटील चिखलानं भरलेले दारात उभे.

"जिवंत आहेस?"

"आहे, पाटील. काय झालं?"

"एक बाई तुले विचारून राह्यली. खुंटीवरच्या फोनवर. दोन दिवस झाले." ते आत आले, दार लोटलं आणि आवाज लहान केला. "रैजीबाईनं काई सांगतलं नाई. उलटं तिलेच विचारलं, गाव कोणतं, तुह्या बापाचं नाव काय, लहानपणी तू कुठून पडला होता. ती बाई रडली, तरी नाई सांगतलं. मले म्हणाली, तू जाऊन पाहून ये, अन् त्यालेच विचार, त्या बाईले सांगाचं का नाई."

"पाटील, ती माझी आई."

पाटलांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्या हातात दिला आणि स्टूल ओढून समोर बसले. "मंग लाव तिले. आवाज मोठा ठेव. मले रैजीबाईले जाऊन सांगा लागते."

सगळं बोलणं होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.